पहिली कोण?

सोलापूरच्या एका कॉलेजच्या मुलींनी राज्याचा बास्केटबॉल करंडक जिंकला. संघात नावाजलेली एकही नव्हती. सत्काराला संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब माइकवरून म्हणाले, "पाचही जणी सारख्या, असं कुठं असतं का? कॅप्टन, एक ते पाच नंबर लाव. पहिलीचा फोटो फाटकावर लागेल."

कॅप्टन शर्वरी निंबर्गी माइकपाशी आली. संघातल्या जुईवर ती वर्षभर जळत होती. दोघींचा खेळ तोलामोलाचा, पण टाळ्या जुईला जास्त. आता तिला पाचवी म्हणायला एक शब्द पुरे होता. पण जुईने दिलेले पास आठवले आणि तो शब्द ओठावर येईना. तिला पहिली म्हणायला तर जीभच रेटेना.

"कॅप्टन असून एवढंही सांगता येत नाही?" तात्यासाहेब हसले.

"साहेब," शर्वरी म्हणाली, "पहिली कोण, हे समोरचा संघ अख्खी मॅच शोधत होता. एकीला अडवलं की दुसरी बास्केट करायची. त्यांना पहिली सापडली असती, तर आज सत्कार त्यांचा असता."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तात्यासाहेबांनी पाचही जणींना फोटोसाठी बोलावलं. त्यात जुई नेमकी मधोमध आली, तेव्हा शर्वरीला पुन्हा थोडं टोचलंच.