निळी घ्या, वहिनी!

कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या बाजारात मानसिंगशेठपुढे कुणाचं काही चालत नसे. अशा शेठपुढे एके दिवशी पद्मजाकाकू येऊन उभ्या राहिल्या, त्या लेकीसाठी, तिला सोबत घेऊन. ऋतिकाला घाटातल्या शर्यतीत उतरायचं होतं आणि तिची सगळी बचत या एका गाडीत जाणार होती.

शेठनी एकाच कंपनीच्या दोन वेगवान गाड्या दाखवल्या. निळी सोळा सालची, लाल एकोणीसची आणि बरीच महाग. काकूंनी विचारलं, "सालानं काय फरक पडतो हो?"

चहा पीत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे बघून शेठ हसले. "वहिनी, साल बघायला हे काय लोणचं आहे? दोघी सख्ख्या बहिणी! केसाएवढा फरक नाही. निळी घ्या."

"शपथ?"

"अंबाबाईची शपथ!"

"मग लाल द्या, निळीच्या किमतीत. फरकच नाही, तर तुमचं काय जातंय?"

"अहो, असं कसं!" शेठ उसळले. "लालचे ब्रेक मोठे, इंजिन सुधारलेलं! निळीचे ब्रेक घाटात तापले की लागतच नाहीत, आणि तिसरा गिअर तर..."

शेठनी जीभ चावली. चहाचे कप हवेतच थांबले होते. ऋतिका फिसकन हसली, आणि मग अख्खा बाजार हसत सुटला.

घाम पुसत शेठनी लाल गाडी मायलेकींना परवडेल अशा किमतीत दिली. "वहिनी, उद्यापासून माझ्या दुकानात बसा."

"बसते की," काकू म्हणाल्या, "पण निळीची माहिती तुम्हीच सांगायची हं. तुमच्याइतकी खरी मला जमायची नाही."