पट्टा कुणाच्या अंगणातून

फार जुनी गोष्ट. तेव्हा झाडं माणसांसारखी बोलायची. शहाणपणानं नव्हे, नुसतीच बोलायची. अशा एका रानात धनेश पक्षी राहायचा. त्याची बायको अंडी घेऊन बेहड्याच्या ढोलीत बसलेली, दार चिखलानं लिंपलेलं. चोचीपुरत्या फटीतून हा तिला उंबरं भरवायचा. पिल्लं मोठी होईस्तोवर तिला काही बाहेर पडता येणार नव्हतं.

फाल्गुनात पाचोळा ढोपरभर साचला तसा धनेश घाबरला. त्यानं झाडांची सभा बोलावली. "मंडळी, वाळकी झाडं काढू, गाडीवाटेएवढा पट्टा मोकळा करू. वणवा आला तरी तिथंच अडेल. कुऱ्हाडही येऊन थांबलीय."

"झकास!" म्हातारा साग म्हणाला. "फक्त माझ्या अंगणातून नको. वाळलो असेन, पण मान आहे मला."

"आमच्यातून तर नकोच," बांबूचं बेट करवादलं. "अख्खी भावकी आहे आमची!"

शेवटी साग खाकरला. "धनेशराव, घाई तुम्हाला आहे ना? मग तुमचा बेहडाच पाडू, तिथून काढू पट्टा."

धनेशाची चोच वासली ती वासलीच. मग तो हसला. "अहो, चेष्टा केली मी! आपल्याकडं कुठला आलाय वणवा?"

सगळ्यांनी पानं वाजवली. कुऱ्हाड परत गेली.

चैत्रात खालच्या अंगानं धूर निघाला. बांबूची भावकी फटाफट फुटली, सागाचा मान चरचरून जळला. धनेश लिंपलेल्या दारावर चोच आपटत होता.

आतून बायको म्हणाली, "अहो, हळू ठोठावा ना. पिल्लं आत्ताच निजलीत."