थोरला आरसा आणि फडकं

फार वर्षांमागे एका उंच टेकडीवरच्या दुर्बिणीत एक थोरला आरसा राहत होता. त्याच्यात उतरलेली प्रत्येक चांदणी थरथरून विस्कटायची. खोट आपल्यातच आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. रोज सकाळी तो फडक्याला म्हणे, "घास बाबा, अजून जोरात घास." "दादा, पुरे करा, अंगावर चरे पडताहेत," असं फडकं कळवळून सांगे, पण आरसा ऐकेल तर शपथ!

पुढे दुर्बिणीत पापडासारखा पातळ असा एक धाकटा आरसा बसवला. तो म्हणाला, "दादा, खोट तुमच्यात नव्हतीच. वरची हवा हलते, म्हणून उजेड वेडावाकडा होऊन येतो. ती हलेल तसा मी उलटा वाकतो, की उजेड सरळ."

त्या रात्री धाकटा क्षणाक्षणाला वाकत राहिला, आणि चांदणी पहिल्यांदाच टाचणीच्या टोकाएवढी होऊन स्थिर उभी राहिली. थोरला हरखून बघतो तो काय, तिच्याभोवती पांढुरकं धुकं पसरलेलं!

"हीसुद्धा हवाच ना रे?" त्यानं विचारलं.

कोपऱ्यातलं फडकं हळूच म्हणालं, "नाही दादा. हे आपण पाडलेले चरे."