शून्य प्रवासी

“बाबा, जिथून कुणी बसनं जातच नाही, तिथं बस पाठवायची तरी कशाला?”

असं म्हणत निरंजननं नकाशा लालशा फकिरापुढं पसरला. जिल्ह्याच्या बसमार्गांचा नवा आराखडा. वस्त्या वाढल्या, कारखान्यांपायी परमुलखातली माणसं आली, त्या सगळ्यांना दहा वर्षं पुरेल असा. दोन वर्षांत फाटलेलं एकेक तिकीट त्यानं त्यासाठी मोजलं होतं. अकराला कचेरीत साहेब सही करणार होते. त्याआधी शाबासकी घ्यायला गडी पहाटेच आपल्या जुन्या गुरूच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, हजर झाला होता.

बाबांनी नकाशा सुलटा धरला की उलटा, देव जाणे.

“हे कोरं काय रे?”

“नदीपलीकडची नवी वस्ती. शून्य प्रवासी.”

“शून्य...”

बाबांनी घागर खांद्यावर घेतली आणि चालू लागले. निरंजन मागोमाग. बाबांची पाणपोई तकियाच्या दारात कधीच नसे. माणसं जिथं दमून टेकतात, तिथं ते दरसाल ती हलवत. यंदा ती नदीकाठी, पायवाटेच्या तोंडाशी होती.

धुकं इतकं दाट, की नदी कुठं संपते न् आभाळ कुठं लागतं ते कळेना. त्यातून पलीकडच्या वस्तीची माणसं येऊ लागली. तेलुगू बोलणारा गवंडी. चपला हातात घेतलेली कॉलेजची पोरगी. डब्याची पिशवी सांभाळणाऱ्या ओडिशाकडच्या बाया. प्रत्येक जण ओंजळ धरी, बाबा पाणी ओतत, आणि माणूस पुन्हा धुक्यात दिसेनासा होई. आपण जागे आहोत की झोपेत, हेच निरंजनला उमगेना. मोजता मोजता त्याचा आकडा चुकला. पुन्हा मोजायला घेतलं, पुन्हा चुकला.

एक म्हातारी धापा टाकत खालीच बसली. सून दवाखान्यात अडली होती म्हणे.

“मावशी, बसनं का नाही जात?”

“कोणत्या बसनं, बाळा?”

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसच जात नाही, तिथं तिकीट फाटणार कुठून? एवढी साधी गोष्ट, आणि आपण दोन वर्षं तिकिटंच मोजत बसलो.

तेवढ्यात त्याची जीप त्याला न्यायला आली. बाबांनी म्हातारीला हात धरून पुढं बसवलं, मागं आणखी चौघांना कोंबलं. ड्रायव्हर बाबांच्याच गावचा. बाबांनी नुसती मान हलवली आणि जीप निघूनही गेली.

“बाबा, अहो, साहेब अकराला सही करतील. ती थांबवायला हवी. इथून कचेरी सात कोस... आता मी जायचं कसं?”

बाबांनी घागर खाली ठेवली. त्याच्याकडं मायेनं बघितलं.

“हं... आता विचारलंस.”