मिस्त्रींचा चुकलेला सांधा

माणगंगेच्या काठी एका बाजाराच्या गावात रंगनाथ पोपळघट नावाचे मिस्त्री राहत. घर लोहारकीचं. वडिलांनी भात्यावर विळे-खुरपी घडवली, रंगनाथ मिस्त्रींनी भाता बाजूला ठेवून वेल्डिंगचं मशीन आणलं. त्याला चाळीस वर्षं झाली. गावातली गेटं, जिने, पत्र्याची शेडं, सगळ्यांना त्यांचा हात लागलेला. लोक म्हणत, "मिस्त्रींनी जोडलेलं लोखंड तुटलंच तर दुसरीकडे तुटेल. सांध्यात तुटायचं नाही."

त्याच गावात वैजयंता कोळेकर नावाची मुलगी होती. बाप मेंढरं राखायचा. तिने तालुक्याच्या आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स पुरा केला होता. वर्गात बावीस पोरं आणि ही एकटी मुलगी. प्रमाणपत्र मिळालं, पण हात कच्चाच राहिला. मशीन एक, शिकणारे तेवीस. वाट्याला येणार तरी किती?

हात पक्का करायला ती तीन कारखान्यांत गेली. एकाने सांगितलं, हे बाईमाणसाचं काम नाही. दुसरा म्हणाला, चहापाणी बघायला हवं तर ये. तिसऱ्याने नुसतं हसूनच वाटेला लावलं. चौथं दार मिस्त्रींचं होतं.

मिस्त्रींनी तिला एकच विचारलं, "भाजलं तर रडशील का?"

"रडेन," ती म्हणाली. "पण हातातला रॉडचा होल्डर सोडायची नाही."

मिस्त्रींना हसू आलं. "मग ये उद्यापासून. आगीला कुठं कळतंय, बाई कोण आणि पुरुष कोण ते!"

पहिले तीन महिने त्यांनी तिला भंगारातल्या पत्र्यावर नुसत्या सरळ रेघा मारायला लावल्या. रेघ वाकडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. "डोळ्याआधी कान लाव," ते सांगायचे. "कढईत भजी तळल्यासारखा आवाज आला म्हणजे समज, हात बरोबर चाललाय." मग दोन पट्ट्या जोडायला दिल्या. तिने जोडलेली प्रत्येक पट्टी ते पकडीत आवळायचे आणि हातोड्याने मारून तोडायचे. तुटलेला तुकडा तिच्या हातावर ठेवून म्हणायचे, "वरून कसं साखळीसारखं देखणं दिसतंय! आता आत बघ. पोकळ. वजन वरच्या देखणेपणावर बसत नाही, पोरी. आतल्या जोडावर बसतं."

तिला हातमोजे मोठे होत. मिस्त्रींनी आपलेच जुने चामडी मोजे कापले आणि दाभणाने शिवून तिच्या मापाचे केले. एकदा वेल्डिंगची काळी काच तोंडापुढे नीट न धरल्यामुळे आगीचा लखलखाट तिच्या डोळ्यांना लागला. वाळू भरल्यासारखे डोळे चुरचुरायला लागले. तेव्हा मिस्त्रींच्या बायकोने, काकूंनी, बटाट्याचा कीस तिच्या डोळ्यांवर ठेवला, आणि मिस्त्री काम बंद करून दुपारभर तिच्या उशाशी बसून राहिले. वैजयंताला वाटलं, मेंढरांमागे महिनोन् महिने फिरणाऱ्या आपल्या बापाची जागा या माणसाने न बोलता भरून काढली.

दोन वर्षं गेली. आता तिची पट्टी हातोड्याने वाकायची, पण तुटायची नाही.

अशात शाळेचं काम आलं. पाच हजार लिटरची पाण्याची टाकी बसवायला बारा फूट उंच लोखंडी स्टँड हवा होता. पाण्याचे नळ त्याच्याच खाली लागणार होते. म्हणजे पोरं ताट-वाट्या धुणार ती त्या टाकीखालीच.

मिस्त्री म्हणाले, "आडव्या पट्ट्या तू मार. चार पायांचे सांधे मी मारतो. सगळं ओझं त्यांच्यावर येणार."

त्यांनी चारही सांधे मारले आणि ते जेवायला घरी गेले. वैजयंताने छोट्या हातोडीने सांध्यांवरची जळकी खपली झाडली. खाली वेल्डिंगचा टाका चमकला. एकसारखा, देखणा, मिस्त्रींचा म्हणून कुठेही ओळखू यावा असा. ती कौतुकाने जवळ वाकली, आणि तिथेच थबकली.

टाका सांध्यावर नव्हताच. तो दोन सूत, म्हणजे पाव इंच बाजूला, एकाच तुकड्यावरून सरळ गेला होता. सांध्याची फट उघडी होती. दुसरा पाय बघितला, तिथेही तसंच. चाळीस वर्षांच्या सवयीचा हात चुकला नव्हता. पण त्या हाताला वाट दाखवणारी नजर चुकली होती.

मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली. मिस्त्री हल्ली टेप उन्हात नेऊन वाचत. रॉडचा पुडा तिच्याकडून निवडून घेत. ओळखीचा माणूसही बोलल्याशिवाय त्यांना ओळखू येत नसे.

सांगावं, तर कोणत्या तोंडाने? ज्यांनी होल्डर धरायला शिकवलं त्यांनाच म्हणायचं, की काका, तुमचा सांधा चुकला? न सांगावं, तर डोक्यावर पाच टन पाणी आणि खाली पोरं.

तिने मधली वाट काढली. मिस्त्री यायच्या आत तिने होल्डर उचलला, चारही सांधे नव्याने मारले, ग्राइंडरने साफ केले आणि वरून तांबडा रंग लावून टाकला. मिस्त्री आले. ताज्या रंगाचा वास घेत म्हणाले, "रंगसुद्धा लावलास? शहाणी गं माझी बाय ती!"

ती हसली. तिला वाटलं, सुटले. टाकीही वाचली आणि काकांचं मनही राहिलं.

पण ते समाधान तासभरच टिकलं. चार वाजता आप्पासो गळवे ट्रॅक्टर घेऊन आले. आदल्या दिवशी वैजयंता रॉड आणायला तालुक्याला गेली असताना मिस्त्रींनी त्यांच्या ट्रॉलीची दांडी एकट्याने जोडून ठेवली होती. ट्रॅक्टरला ट्रॉली धरून ठेवते ती दांडी. तिच्यावरही ताजा रंग होता.

"चला, उरकलं का मिस्त्री?" आप्पासो म्हणाले. "उद्या सकाळी तण भांगलायला वीस बायका न्यायच्यात टेकडीपल्याडच्या शेतात."

ती चढाची वाट वैजयंताला पाठ होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओघळ. टाकीचे सांधे तिने पाहिले म्हणून मारले. ही दांडी तिने पाहिलीच नव्हती. अशा किती वस्तू गेल्या असतील? आणि उद्यापासून आणखी किती जातील? आपण काय झाकलं, आणि कुणासाठी झाकलं, हे तिला एकदम उमगलं.

आप्पासोंनी ट्रॉली जोडली आणि ट्रॅक्टर सुरू केला. ती धावत पुढे जाऊन चाकासमोर उभी राहिली.

"थांबा मामा! ट्रॉली नेऊ नका."

"काय झालं गं?" मिस्त्री आतून बाहेर आले.

"काका, दांडी तपासायची राहिलीय."

"ती मी मारलीय, वैजे."

"म्हणूनच म्हणते, काका." "तुम्ही माझी एकही पट्टी तोडून बघितल्याशिवाय सोडली नाहीत. तुमचीही एकदा बघू द्या."

आप्पासो अवाक झाले. शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. बाजाराचा दिवस होता, जाणारी-येणारी माणसं थबकली. मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला.

"चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "चार लोकांत तू मला हे म्हणतेस?"

वैजयंताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण ती चाकासमोरून हलली नाही.

मिस्त्री आत गेले आणि मोठा घण घेऊन आले. ट्रॉली सोडवून तिच्या दांडीखाली लाकडाचा ओंडका सारला. पहिला घाव घातला. काही झालं नाही. दुसरा घातला. रंगाला तडा गेला. तिसऱ्या घावाला दांडी सांध्यातून निखळून जमिनीवर पडली.

मिस्त्री खाली बसले. तुटलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. एक कड खडबडीत होती, दुसरी अगदी कोरी. तिला आग शिवलीसुद्धा नव्हती.

"आप्पासो," ते म्हणाले, "चूक माझी आहे. सकाळच्या आत दांडी तयार मिळेल. वैजयंता मारून देईल."

आप्पासो भला माणूस. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, तुटली ती इथं तुटली हे आमचं नशीब," एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टर तिथेच लावून चालत घरी गेले.

गर्दी पांगली. वैजयंता मिस्त्रींच्या शेजारी मातीतच बसली.

"काका, अजून एक सांगायचंय. टाकीचे चारही सांधे मी पुन्हा मारलेत. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

मिस्त्रींनी चटकन मान वर केली. "मला न सांगता?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आत्ता सगळ्या बाजारात बोललीस, त्याचा मला राग नाही," मिस्त्री म्हणाले. "पण ते गुपचूप मारलेस त्याचा आहे. अगं, मी आंधळा होत चाललोय हे मला ठाऊक होतं. लपवत होतो. म्हटलं, मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर मिस्त्री उरतो कुठं? आणि तू मला लपवायला मदत करत होतीस. ते वीस जीव गेले असते तर दोघांच्या पापाची वाटणी कशी केली असती आपण?"

मिस्त्रींनी आपल्या उपरण्याचं टोक तिच्या हातात दिलं. "डोळे पूस. अंधार पडायच्या आत दांडी व्हायला पाहिजे."

तिने दांडी जोडली. मिस्त्रींनी स्वतः तिच्यावर घण घालून पाहिला. दांडी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गेल्या सहा महिन्यांतली कामं आठवून आठवून सांगितली. वैजयंता घरोघर जाऊन तपासून आली. एका जिन्याचा कठडा आणि एका घराचं गेट कच्चं निघालं. दोन्ही तिने नव्याने मारून दिली. मिस्त्री दोन्ही वेळी तिच्याबरोबर गेले आणि दोन्ही दारांत म्हणाले, "माझं चुकलं होतं. दुरुस्त करायला आलोय." कुणी दार लावून घेतलं नाही. उलट दोन्ही घरी चहा झाला.

शाळेच्या टाकीचे सांधेही रंग खरवडून पुन्हा तपासले. मग टाकी काठोकाठ भरून दोन दिवस तशीच ठेवली, पोरांना जवळ फिरकू दिलं नाही. स्टँड जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी नळ सोडले.

मग मिस्त्री दवाखान्यात गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. तोवर दुकान वैजयंताने एकटीने चालवलं. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" नंतर नंतर विचारायचं, "वैजाताई, आमचं काम कधी धरता?"

दुसऱ्या डोळ्याची हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी मिस्त्री घरी न जाता थेट दुकानात आले. वैजयंता एका खिडकीची जाळी जोडत होती. तिने काच बाजूला केली आणि ती धावत पुढे आली. मिस्त्री तिच्याकडे टक लावून बघत उभे राहिले.

"काय बघताय काका?"

"हनुवटीवर हा भाजल्याचा डाग कधीचा गं?"

"तो होय? गेल्या पावसाळ्यातला. वर्ष झालं."

मिस्त्रींनी हात पुढे करून त्या डागावरून अंगठा फिरवला, अगदी हलकेच.

"वर्षभर रोज समोर होतीस," ते म्हणाले, "आणि मला कळलंच नाही, की तू भाजली होतीस."

"मी रडले नव्हते ना," वैजयंता म्हणाली, आणि दोघंही हसता हसता डोळे पुसायला लागली.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे त्याची चूक गुपचूप झाकू नये, वेळीच त्याच्या तोंडावर सांगावी, आणि सांगणारा धाकटा असला तरी थोरल्याने ती ऐकावी. झाकलेली चूक माणसं बुडवते, मान्य केलेली चूक माणसं जोडते.