गोडाला सोकावलेली सावली

हिरव्यागार डोंगराखालच्या एका चिमुकल्या गावात शेवंती आणि तिचे बाबा राहत. बाबा, म्हणजे भिवबा, बाजारात एका मालकाच्या दुकानात जिलेब्या तळायचे. मालक मजुरीऐवजी देई त्या उरल्यासुरल्या जिलेब्या, हेच भिवबांचं कितीतरी वर्षांचं जेवण. मग त्यांच्या पायाला झालेली जखम भरेना, तहान भागेना, डोळ्यांपुढे धुकं दाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह आहे. गोड बंद करा, भिवबा." पण भिवबांना ते जमेना.

एके संध्याकाळी शेवंतीला काही वेगळंच दिसलं. बाबा गप्प बसले होते, पण भिंतीवरची त्यांची सावली मात्र मचमच चघळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती रानात भाजी खुडायला गेली. अचानक पाखरं गप्प झाली. पानापानांवर रुपेरी चमचम उतरली आणि एका निळ्या फुलावर इवलीशी परी येऊन बसली. तिचे पंख मोरपिशी होते. गवतावर तिची सावली मात्र पडली नव्हती.

"माग काय हवं ते," परी हळूच म्हणाली.

"माझ्या बाबांचा रोग काढ."

"काढते. पण काढलेल्या रोगाला दुसरं घर लागतं. कुणाच्या अंगात ठेवू? नाव सांग."

शेवंतीच्या ओठांवर दुकानाच्या मालकाचं नाव आलं. रान कान देऊन ऐकत होतं. तेवढ्यात तिला मालकाची छोटी मुलगी आठवली.

"नको," ती म्हणाली. "त्यापेक्षा बाबांच्या त्या चघळणाऱ्या सावलीला उपाशी कसं ठेवायचं, ते सांग."

परी म्हणाली, "तुझ्या हातची भाकरी, रानातली भाजी आणि डॉक्टरीणबाईंची गोळी. वर्षभर. सावली बाबांच्याच आवाजात गोड मागेल. एकदाही द्यायचं नाही, आणि बाबांवर रागवायचंही नाही."

तिसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, भिंतीतून आवाज आला. "शेवू, एकच तुकडा दे गं." बाबांचे ओठ मिटलेले होते. शेवंतीने बाबांचा हात घट्ट धरला. बाबांना घाम फुटला. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "मला नकोय."

सावली वीतभर आक्रसली.

असं कितीदा तरी झालं. कधी सावली रडली, कधी तिने रात्रभर भिंत खरवडली. बाबा भाकरी चावून चावून खात राहिले. हळूहळू सावली गप्प झाली आणि जखमेवर गुलाबी कातडी आली.

वर्ष सरलं त्या सकाळी परी अंगणात उतरली. "पोरी, रोग गेलेला नाही, झोपलाय. त्याला जागं करू नका," ती म्हणाली. "पण तू आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकलं नाहीस. त्याचं हे बक्षीस." तिने बाबांच्या पापण्यांना पंख लावला, आणि अंगणभर सोनेरी उजेड सांडून ती त्यातच विरून गेली.

बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांना लेकीचा चेहरा स्वच्छ दिसला.

"शेवू," ते म्हणाले, "किती मोठी झालीस गं तू."