छपरावरचा टोफू

ओसाका शहरात दोन उंच कचेऱ्यांच्या फटीत एक बुटकं देऊळ आहे. देव इनारी, भाताचा. कोल्हा त्याचा निरोप्या. देऊळ एवढंसं, की दोन रिक्षा लावायच्या म्हटल्या तर भांडण होईल. दारात दोन दगडी कोल्हे, त्यातल्या डाव्याचं तोंड पांढरंफेक. का, असं विचारलं की शेजारचे टोफूवाले कुबोता आजोबा हात पुसत बाहेर येतात.

जत्रेच्या सकाळी केतकीने विचारलं. आजोबा सांगू लागले, तिचा नवरा निनाद ते मराठीत आणू लागला. मधेमधे पदरचंही घालत असावा, असा तिला चार महिन्यांच्या संसारावरून संशय होता.

फार पूर्वी, म्हणे, शहर लाकडाचं नि गवताचं होतं तेव्हा, याच दुकानात ओनुई नावाची सून आली. बोलायची कमी, टोफू कापायची जाड. सासू तोमेबाई रोज विचारायची, ही वडी की वीट? जत्रेपर्यंत हात बारीक झाला नाही तर माहेरी धाडते, असं तिने शेजारणींदेखत सांगून टाकलं. ओनुईला नवरा आवडला होता, दुकानही आवडलं होतं. हात तेवढा ऐकेना.

जत्रेच्या आदल्या दुपारी कुठूनशा आगीच्या ठिणग्या वाऱ्यावर आल्या आणि देवळाच्या गवती छपरावर बसल्या. आळीतले कर्ते पुरुष पाणी घेऊन धावले आणि दारातच थबकले. देवाच्या डोक्यावर ओतायचं, तर हे पाणी शुद्ध आहे का? पुजारी परगावी गेलेला. वाद रंगला. ठिणग्यांना काही त्यात भाग घ्यायचा नव्हता.

ओनुईने जत्रेसाठी कापून पाण्यात ठेवलेल्या टोफूची बादली उचलली, डाव्या कोल्ह्याच्या पाठीवर पाय दिला आणि पाण्यासकट बादली छपरावर उपडी केली. मग दुसरी, तिसरी. पाणी ओघळून गेलं. जाड वड्या मात्र गवताला चिकटल्या आणि एकेका ठिणगीवर ठाण मांडून बसल्या.

तोमेबाई आली तेव्हा जत्रेचा सगळा माल छपरावर होता. तिने बराच वेळ वर पाहिलं.

"बारीक कापला असतास तर घसरला असता," ती म्हणाली. "चल घरी. सोयाबीन भिजत घालायचंय."

दुसऱ्या दिवशी छपरावर एकही वडी नव्हती आणि डाव्या कोल्ह्याचं तोंड पांढरं झालं होतं, असं सांगतात. कावळ्यांचं नाव आळीत कुणी काढत नाही.

आजही कुबोतांकडचा टोफू जाडच असतो, आणि जत्रेला पहिली वडी छपरावर ठेवायचा मान आळीतल्या सर्वांत नव्या सुनेचा. आता आळीत कचेऱ्याच फार. तीन वर्षं सूनच आली नव्हती. आजोबांनी विचारलं, राहता कुठे? मागच्याच गल्लीत, निनाद म्हणाला. आजोबांनी केतकीच्या तळहातावर गार वडी ठेवली.

"पण मी तर बाहेरची," केतकी हळूच म्हणाली.

निनादने ते सांगितलं. आजोबा हसले.

"ओनुई तरी कुठे आळीतली होती?"

छप्पर आता तांब्याचं आहे, पण उंची तीच. केतकीने टाचा उचलल्या, वडी छपराच्या कडेवर ठेवली, आणि हात लगेच काढला नाही. मग काढला. वडी जागची हलली नाही.